आतल्या टायरची हवा

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



जुलै २०१९ मध्ये आपण राज्यसभेत सांगितलं होतं की, टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणं आणि टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं सक्तीचं करण्याचा विचार चालू आहे. विषय यमुना एक्स्प्रेसवेवर टायर फुटून होणाऱ्या अपघातांचा होता. बातमी वाचून आमच्याकडच्या एका जुन्या ट्रकमालकाने विचारलं होतं, "साहेबांना कुणी सांगितलं नाही का, साध्या हवेतही बाराआणे नायट्रोजनच असतो?" थोडा जास्तच, खरं तर, अठ्ठ्याहत्तर टक्के. नायट्रोजन कोरडा असतो, जरा हळू झिरपतो, हे त्याचे गुण मान्य. पण टायरमध्ये काय भरलं आहे हा नंतरचा प्रश्न झाला. किती भरलं आहे हा आधीचा. आणि ट्रकच्या मागच्या जोडीतल्या आतल्या टायरमध्ये किती भरलं आहे, हे तर कुणी बघायलाच जात नाही. हे पत्र त्या आतल्या टायरबद्दल आहे.

बेंगळुरूहून मराठीत पत्र आलं म्हणून आपल्या कार्यालयात कुणाच्या भुवया उंचावल्या तर सांगून ठेवतो, इथल्या चिकपेटेच्या बाजारात याचं कुणाला नवल वाटत नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. आजही या गल्ल्यांतून भावसार आहेत, शिंपी आहेत, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची माणसं आहेत. माझं काम कापडाचं. इचलकरंजी आणि सोलापूरहून येणाऱ्या गाठी उतरवून घेणं, पावत्या जुळवणं, ज्याच्या त्याच्या दुकानी पोचवणं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, त्याच्या कापडाची वाट बघत इकडे बसलेल्यांपैकी मी एक.

ज्या गाडीबद्दल लिहितोय ती चिकपेटेत शिरत नाही, हेही आधीच सांगतो. इथले रस्ते केंपेगौडांच्या वेळचे, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे सरायचं. अवजड गाड्यांना तर दिवसा शहराच्या मध्यभागात बंदीच. ट्रक कलासीपाळ्याकडे नाहीतर त्याही अलीकडे यशवंतपूर, पीण्याच्या गोदामांत लागतो आणि तिथून माल छोट्या टेंपोतून, हातगाडीवरून पेटेत येतो. पण त्याच्या आधीचे सहाशे किलोमीटर तो ट्रकच्या मागच्या चाकांवर आलेला असतो. इचलकरंजीहून निघून निपाणीजवळचा तवंदी घाट, मग बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, नेलमंगल. आपला राष्ट्रीय महामार्ग ४८. आमच्या तोंडी अजून त्याचा जुना नंबर, चारच.

आता मागच्या चाकांकडे येतो. साध्या सहाचाकी ट्रकला पुढे दोन आणि मागच्या एका आसावर चार टायर असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकमेकांना चिकटून. दहाचाकीला अशा चार जोड्या. जोडीतले दोन्ही टायर एकाच ड्रमवर, त्याच नटांनी आवळलेले. बाहेरचा सगळ्यांना दिसतो. आतला दिसायचा तर खाली बसून, मान वाकडी करून बघावं लागतं, आणि तरी दिसते ती फक्त काळोखातली एक काळी कड.

पुढच्या एकट्या टायरची हवा उतरली तर गाडी बाजूला ओढते, स्टिअरिंग सांगतं, ड्रायव्हर थांबतो. मोटारीतही तसंच. जोडीतल्या आतल्या टायरची हवा उतरली तर काहीच होत नाही. बाहेरचा त्याचा भार उचलतो आणि गाडी सरळ चालत राहते. आमचे दोन हमाल एक गाठ घेऊन जिना चढतात तेव्हा मागच्याने खांदा ढिला सोडला तरी गाठ खाली येत नाही. फक्त पुढच्याचा श्वास बदलतो, आणि तो ऐकायला कुणी जवळ असावं लागतं.

किती भार, ते आपल्याच आदेशावरून काढता येतं. जुलै २०१८ मध्ये मंत्रालयाने आसावरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या मागच्या एका आसाला पूर्वी १०.२ टन चालायचे, ते ११.५ झाले, सहाचाकीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ वर गेलं. निर्णय वाईट होता असं मी म्हणत नाही. आमचं भाडं त्याने परवडू लागलं, आणि तेवढा माल लोक आधीही भरतच होते, तो कागदावर आला. पण ११.५ टनांना चाराने भागलं तर एका टायरवर २,८७५ किलो येतात. टायरच्या कडेवर कंपनी भाराचे दोन आकडे छापते, एक एकट्याने धावताना आणि एक जोडीत धावताना, आणि जोडीतला आकडा नेहमी कमी असतो. ट्रकच्या नेहमीच्या १०.००-२० मापाच्या एका रेडियल टायरवर ते आकडे ३,००० आणि २,७२५ असे असतात. जास्त मजबूत बनावटीच्या टायरवर ३,२५० आणि ३,०००. जोडीचा आकडा कमी का, तर दोघं भार कधीच निम्मा-निम्मा वाटून घेत नाहीत हे कंपनीला ठाऊक आहे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता, त्यामुळेसुद्धा फरक पडतो. आता आतला पूर्ण बसला तर बाहेरच्यावर ५,७५० किलो. म्हणजे तीन टनांच्या टायरवर पावणेसहा टन, तेही कायद्याने भरलेल्या मालात. जादा भरलेल्या गाडीचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

आणि बसलेल्या टायरचं काय होतं? तो भार घेत नसला तरी फिरत असतो. त्याची कूस प्रत्येक फेरीला दुमडते, सरळ होते, दुमडते. किलोमीटरला सुमारे तीनशे फेऱ्या. रबर आतून तापतं, नायलॉनचे किंवा तारेचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरचा भाराने तापत असतो, आतला दुमडण्याने, आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून वारा जायला जागा नसते. खूप बसलेले टायर एकमेकांना टेकतात आणि घासतात. फटीत एखादा खडा अडकला असेल तर दोघांच्या कुशीत घुसत राहतो. चित्रदुर्गच्या पट्ट्यात, दुपारी, डांबरावर हे सगळं जमून येतं. मग एक आवाज होतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "बाहेरचा फुटला." फुटतो बाहेरचा. बिघडलेला असतो आतला, आणि कदाचित धारवाडच्याही आधीपासून.

टायरच्या धंद्यातला सर्वमान्य हिशेब असा की ठरलेल्या दाबापेक्षा वीस टक्के कमी हवेवर चाललेला टायर बसलेला समजायचा; त्यात नुसती हवा भरून तो परत वापरात घ्यायचा नाही, उतरवून आतून तपासायचा. आणि जोडीतल्या दोघांच्या दाबात पाच पौंडांहून जास्त फरक ठेवायचा नाही. ११० पौंडांच्या टायरला वीस टक्के कमी म्हणजे ८८. आता आपण कधी कलासीपाळ्यात पहाटे या. ताफा, लाल दिवा काही नको. एखाद्या ट्रकचा क्लीनर हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरताना दिसेल. बाहेरच्या टायरवर टॉमी आपटतो, टणटणीत आवाज आला की पुढे. आतल्यावर आपटायला टॉमी तिरकी घालावी लागते, ती निम्मी बाहेरच्यालाच लागते. आवाज येतो. कुणाचा, ते कुणी विचारत नाही. ठोकून फक्त एक गोष्ट कळते, टायर साफ बसला आहे की नाही. ११० आणि ८० यांतला फरक कुठल्याही कानाला कळत नाही. तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेले ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतात की आम्हाला कळतो. मला त्यांचा आदर आहे, पण एकदा डोळे बांधून, बाजूला गेज ठेवून बघावं.

त्या पोराला कामचुकार म्हणू नका. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या भोकातून बाहेर डोकावतो, कधी त्याला लांब नळी जोडलेली असते, कधी ती तुटलेली असते. बाहेरच्याचा व्हॉल्व्ह उलट आतल्या बाजूला तोंड करून. म्हणजे एकाला गेज दाबून लावायचा आणि दुसऱ्याला मागून ओढून. त्यासाठी दोन तोंडांचा गेज मिळतो, एक तोंड सरळ आणि दुसरं उलटं वाकवलेलं. किंमत फार नाही. पण गाडीबरोबर तो येत नाही. गाडीबरोबर जॅक येतो, पाना येतो, त्रिकोणी फलक येतो. मजुराने चाक बसवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोरच्या भोकांत, म्हणजे अर्ध्या फेरीच्या अंतराने ठेवले तर दोन्हीपर्यंत हात जातो. एकाच भोकात दोन्ही आले, किंवा आतल्याचा व्हॉल्व्ह डिस्कच्या पोलादामागे लपला, की संपलं. मग हात घालायचा तो घाटातून उतरलेल्या तापलेल्या ड्रमशेजारी. कोपरापर्यंत वंगण, मनगटावर चटका. त्या पोराने दोन वेळा चटका खाल्ला की तिसऱ्या वेळी तो टॉमीच आपटणार. मीही तेच केलं असतं.

हवा भरायची कुठे, हा दुसरा घोळ. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचा नियम आहे, आणि मोटारीला, स्कूटरला ती मिळतेही. पण ते आकडे दाखवणारं यंत्र तीस-पस्तीस पौंडांच्या गिऱ्हाइकासाठी लावलेलं. ट्रकला शंभर-सव्वाशे लागतात आणि नळी अठरा फुटांच्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला, डिस्कच्या भोकातून आत, एवढी पोचत नाही. म्हणून ट्रक जातो रस्त्याकडेच्या टायरवाल्याकडे. त्याच्याकडे कॉम्प्रेसर दणकट असतो. गेज कधी असतो, कधी त्याची काच फुटून काटा एकाच जागी अडकलेला असतो. तो अंदाजाने भरतो. त्यातून गाडी थांबते ती जेवणाला, तीन-चार तास पळून आल्यावर. तेव्हा टायर गरम. थंड असताना ११० असलेला टायर चाळीस अंशांनी तापला की गेजवर सव्वाशेच्या वर दाखवतो, साधं भौतिकशास्त्र आहे. ड्रायव्हरला वाटतं हवा जास्त झाली, तो दाबून सोडतो. रात्री टायर थंड झाला की शंभरावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा रोग इतका सार्वत्रिक आहे की तापलेल्या टायरची हवा सोडणं हे हुशार ड्रायव्हरचं लक्षण मानलं जातं.

आता नियमांकडे. जुलै २०२० मध्ये आपल्या मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरचा दाब सतत मोजणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे टीपीएमएसचा, विषय आणला. तो साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांचा. ज्या मोटारीत ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचं किट आहे तिला स्टेपनी नसली तरी चालेल, असा त्यात भाग होता. मोटारवाल्यांची सोय झाली, डिकीत जागा झाली, इलेक्ट्रिक गाड्यांना बॅटरीसाठी फायदा झाला. साडेतीन टनांवर रेघ ओढली आणि नेमकी जोडचाकांची गाडी रेघेपलीकडे राहिली.

यात आपण एकटे नाही. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन टायरांच्या प्रकरणानंतर कायदा झाला आणि २००७ पर्यंत सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत टायरचा दाब सांगणारा दिवा आला. त्या नियमात स्पष्ट अपवाद आहे: ज्या गाडीच्या आसावर जोडचाकं आहेत ती वगळून. म्हणजे जिथे डोळ्यांना दिसतं तिथे दिवा, आणि जिथे दिसत नाही तिथे काही नाही. अमेरिकन सरकारनेच करवलेल्या ट्रकच्या टायरांच्या एका पाहणीत निम्म्याहून कमी टायर ठरलेल्या दाबाच्या पाच पौंडांच्या आतबाहेर सापडले होते, आणि सुमारे सात टक्के टायर वीस किंवा त्याहून जास्त पौंडांनी कमी होते. तिथे गेज आहेत, कॉम्प्रेसर आहेत, निघण्याआधी गाडी तपासण्याचा कायदा आहे. युरोपने मात्र उशिरा का होईना रेघ पुसली. जुलै २०२२ पासून नव्या नमुन्याच्या आणि जुलै २०२४ पासून सगळ्याच नव्या ट्रकना, ट्रेलरनासुद्धा, तिथे ही यंत्रणा बंधनकारक आहे. आपल्याच देशातल्या कंपन्या युरोपला वाहनं आणि टायर विकतात, तेव्हा जमत नाही असं कुणी म्हणू नये.

ड्रायव्हरची काळजी आपण करत नाही असं कुणी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली. आमच्याकडच्या मालकांनी तेव्हा डिझेलच्या नावाने बोटं मोडली होती, आता त्यातलेच काही जण नव्या गाडीची केबिन आल्या-गेल्याला उघडून दाखवतात. पण त्याच केबिनमध्ये, डोळ्यांसमोर, ब्रेकच्या हवेच्या टाकीचा काटा पूर्वीपासून आहे. ब्रेकसाठी हवा किती, हे ट्रक ड्रायव्हरला सांगतो, कमी झाली की बजर वाजवतो. टायरच्या हवेबद्दल तोच ट्रक मूग गिळून बसतो.

समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा टायर फुटण्याची चर्चा महाराष्ट्रात घरोघरी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात आरटीओच्या लोकांनी प्रवेशाच्या नाक्यांवर टायर बघून गुळगुळीत झालेल्या गाड्या परत पाठवल्या. चांगलं काम होतं. पण बघितली गेली ती नक्षी, जी डोळ्यांना दिसते आणि जिच्यासाठी १.६ मिलिमीटरचा नियम आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस माणसं गेली. टायर फुटला असं चालक म्हणाला; टायर फुटल्याचा पुरावा नाही असं आरटीओच्या अहवालात आलं. त्या प्रकरणात मी पडत नाही. पण "टायर फुटला" हे आपल्याकडे असं वाक्य होऊन बसलं आहे की कुणीही म्हणावं आणि कुणालाही ते खोडता येऊ नये. कारण फुटण्याआधी त्यात किती हवा होती याची नोंद कुठेच नसते. खरंच फुटलेला टायरसुद्धा मग निमित्त ठरतो. मालक ड्रायव्हरवर ढकलतो, ड्रायव्हर टायरवर, टायरवाला रस्त्यावर, आणि रस्ता तर आपलाच.

दाब मोजणारी यंत्रणा बसवली की खर्च येतो आणि मालक ओरडतील, हे मला ठाऊक आहे. मी रोज त्यांच्यातच बसतो. व्हॉल्व्हच्या टोपीसारखे बसणारे सेन्सर ढाब्यावर रात्रीत गायब होतात, हेही खरं. म्हणून माझा सगळा भर यंत्रावर नाही. जोडीतल्या दोन्ही टायरांना जोडणारी एक डबी मिळते, ती डिस्कवर बाहेर बसते. तिच्यातून एकाच जागी हवा भरली की दोघांत सारखी जाते, दाब बरोबर असेल तर पिवळी खूण दिसते, उतरला की ती नाहीशी होते, आणि एक टायर एकदम फुटला तर झडप मिटून दुसऱ्याची हवा वाचते. तिला बॅटरी लागत नाही, मोबाइल लागत नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. क्लीनर उभ्या उभ्या बघतो. अशा साध्या वस्तूला नियमात जागा असावी, केवळ स्क्रीनवाल्या महागड्या वस्तूला नसावी, एवढंच म्हणणं.

तेही नको असेल तर निदान गाडी बनवताना दोन्ही व्हॉल्व्ह बाहेरून हाताला लागतील अशी सक्ती करा आणि दोन तोंडांचा गेज जॅकच्या शेजारी द्या. दाराच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर, भरल्या गाडीला थंड टायरमध्ये किती पौंड, ते रंगाने लिहिलेलं असावं. मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, ज्या राज्याची गाडी त्या लिपीत. गाडीच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायला जागा असते, तर आकडा लिहायलाही होईल.

रस्त्यावरचं काम मात्र सर्वस्वी आपल्या हातातलं. महामार्गांवर दर ४०-६० किलोमीटरवर वाटसरूंसाठी सोयींची केंद्रं उभारायची आपली योजना आहे. तिथे खाण्यापिण्याची दुकानं येतील, इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर येतील. दीडशे पौंडांपर्यंत देणारा कॉम्प्रेसर, ट्रकच्या दोन्ही बाजूंना पुरेल अशी लांब नळी आणि दर सहा महिन्यांनी तपासलेला गेज, एवढं त्या केंद्रात ट्रकसाठी असलं पाहिजे. ठेकेदाराच्या करारात हे लिहिलेलं नसेल तर ते होणार नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन मोजायची सोय आहेच. रेल्वेत रुळाशेजारी डब्यांच्या आसाची उष्णता मोजणारी यंत्रं असतात; तसाच उष्णतेचा एक डोळा टोलच्या रांगेत खाली बसवला तर जोडीतला एक टायर दुसऱ्याहून बराच तापला आहे हे दहा सेकंदांत कळेल. तिथे दंड नको. दंड ठेवलात तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक नाक्याच्या अलीकडे बादलीभर पाणी घेऊन टायर थंड करणारी पोरं उभी राहतील, त्यांचा दरही ठरेल. फक्त ड्रायव्हरला सांगा, "उजवीकडची मागची जोडी बघ," आणि बाजूला उभं राहायला जागा द्या.

जागा आणि वेळ. नेलमंगलाच्या पुढे शहरात शिरायची वेळ ठरलेली, सकाळी बंदी लागायच्या आत माल उतरला पाहिजे, नाहीतर गाडी दिवसभर अडकते. आम्ही चिकपेटवाले फोन करकरून त्याच्या मागे लागतो. त्या घाईत दहा टायरांच्या हवेला पंधरा मिनिटं कोण देणार? गाडी भरताना इचलकरंजीतच, टायर थंड असताना, मोजून हवा भरली आणि चलनावर दहा आकडे लिहिले तर काम होतं. बिल्टीवर गाठींची संख्या लिहितो, वजन लिहितो, गाडीचा नंबर लिहितो. तिथे टायरच्या हवेचा एक रकाना आला तर कागदाला काही जड होणार नाही. आणि उद्या काही झालं तर ड्रायव्हरच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असेल.

जुन्या गाड्यांचं विसरू नका. नवा नियम नव्या गाड्यांना लागतो. चिकपेटेचा माल आणणाऱ्या बऱ्याच गाड्या दहा-बारा वर्षांच्या आहेत. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, आणि आता ते स्वयंचलित केंद्रांतून करायचं धोरण आहे. ब्रेक, दिवे, धूर सगळं यंत्र बघतं. तिथे आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला लागतो की नाही एवढं बघायला माणूस खाली वाकला तरी पुष्कळ. शिवाय जोडीत एक नवा आणि एक घासलेला टायर लावायची आपल्याकडची सवय तिथेच पकडता येईल. दोघांच्या व्यासात सहा मिलिमीटरहून जास्त फरक नसावा असा दंडक आहे. कारण दोन्ही एकाच ड्रमवर, फेऱ्या दोघांच्या सारख्याच होणार, मग लहान टायर घासत ओढला जातो. मी हिशेब केला: सहा मिलिमीटरला किलोमीटरमागे जवळजवळ सहा मीटर, म्हणजे इचलकरंजी ते बेंगळुरू सुमारे साडेतीन किलोमीटर तो टायर फिरण्याऐवजी डांबरावर घासत येतो. हजारो रुपयांचं रबर आणि वर डिझेल. हे ऐकवलं की मालक लक्ष देतात. जिवाचं ऐकवलं तर "नशीब" म्हणतात.

मंत्रालय नियमाचा मसुदा राजपत्रात काढतं आणि हरकती-सूचनांसाठी मुदत देतं, ही पद्धत मला माहीत आहे. तसा मसुदा काढा. आमच्या पेटेतून हरकतीही येतील, सूचनाही येतील, बहुतेक कन्नडमध्ये आणि काही मराठीत. फक्त एक करा: मसुद्यात नुसतं "टायर" असं लिहू नका. "मागील जोडचाकांतील आतील टायर" हे शब्द वेगळे, स्वतःच्या उपनियमात असू द्या. नाहीतर तपासणारा बाहेरचाच टायर बघून सही करेल.

आपला,
इचलकरंजी-सोलापूरच्या गाठी उतरवून घेणारा
चिकपेट, बेंगळुरू